जगाला पातं फेकून द्यायला शिकवणाऱ्या जिलेटच्या हाती शेवटी फारसं काही उरलं नाही

सलूनमध्ये तुम्ही हे शेकडो वेळा बघितलं असेल. न्हावी पाकिटातून नवं ब्लेड काढतो, कागदासकट मधोमध कडकन मोडतो आणि अर्धा तुकडा वस्तऱ्यात सरकवतो. उरलेला अर्धा पुढच्या गिऱ्हाइकाला. दोन-चार रुपयांच्या एका पात्यात दोन दाढ्या निघतात.

आता घरच्या बाथरूममध्ये या. तिथे तीन नाहीतर पाच पात्यांचं कार्ट्रिज लावलेला रेझर असतो. कार्ट्रिज बोथट झालं की नवं आणायला दुकानात जायचं, आणि एका नगाला शंभर-दोनशे रुपये लागतात म्हटल्यावर परत येऊन जुन्यावरच अजून आठवडा काढायचा. दुकानदारसुद्धा ते पाकीट समोर टांगत नाही, काउंटरच्या मागे ठेवतो.

काम तेच, स्टील तेच, मग किमतीत एवढा फरक का?

याचं उत्तर देताना मॅनेजमेंट शिकवणारे लोक एक ठरलेली गोष्ट सांगतात. किंग जिलेट नावाच्या हुशार माणसाने दांडा जवळजवळ फुकट वाटला आणि पुढे आयुष्यभर पाती विकून कमावलं. प्रिंटर स्वस्त आणि शाई महाग, हा धंदासुद्धा म्हणे त्याच्याकडूनच आला. गोष्ट ऐकायला झकास आहे. पण जिलेटच्या आयुष्यात ती अशी घडलीच नाही. जे घडलं ते जवळजवळ उलटं होतं, आणि कार्ट्रिज घ्यावं की जुना सेफ्टी रेझर, हे ठरवताना तेच जास्त उपयोगी पडतं.

तर मुळापासून बघू.

किंग हे त्याचं नावच होतं, पदवी नव्हे. किंग कॅम्प जिलेट. जन्म 5 जानेवारी 1855, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात फाँड ड्यू लॅक इथे. पुढे कुटुंब शिकागोला आलं. घरात सगळ्यांनाच काहीतरी खटपट करायची सवय. वडील नवनवीन वस्तू जोडून बघायचे, पेटंटच्या मागे असायचे. आई फॅनी हिने 1887 साली व्हाइट हाउस कुक बुक हे पाककृतींचं पुस्तक काढलं आणि ते पुढे कित्येक वर्षं खपत राहिलं. पण त्याआधी 1871 च्या शिकागोच्या मोठ्या आगीत घरचं होतं नव्हतं ते गेलं होतं. किंग तेव्हा सोळा वर्षांचा. त्याने फिरत्या विक्रेत्याची नोकरी धरली.

पुढची वीस-पंचवीस वर्षं तो बॅग घेऊन गावोगाव फिरत होता. सोबत स्वतःचेही शोध चालूच. काही पेटंटही घेतली, पण पैसा कशातून आला नाही.

1890 च्या दशकात तो बाटल्यांची बुचं बनवणाऱ्या कंपनीत लागला. सोड्याच्या बाटलीला दातेरी पत्र्याचं झाकण असतं, ते ओपनरने काढलं की कचऱ्यात जातं, ते याच कंपनीचं. शोध विल्यम पेंटर याचा. पेंटर आणि जिलेट यांचं जमायचं. पेंटरने त्याला एक सल्ला दिला. एकदा वापरून टाकून द्यावी लागेल अशी वस्तू शोध, म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येईल. जिलेटच्या डोक्यात ते इतकं बसलं की इंग्रजी मुळाक्षरं एकेक घेऊन त्या अक्षराच्या सगळ्या वस्तू तो तपासत बसायचा, असं सांगतात.

गंमत अशी की याच काळात, 1894 साली, त्याने एक पुस्तक छापलं होतं. नाव द ह्यूमन ड्रिफ्ट. त्यात त्याचं म्हणणं असं की जगातली सगळी गरिबी आणि गुन्हेगारी स्पर्धेतून येते. म्हणून वेगवेगळे कारखाने, दुकानं, कंपन्या हे सगळं बंद करावं आणि सगळ्या जनतेच्या मालकीची एकच प्रचंड कंपनी असावी. लोकांनीही एकाच शहरात राहावं. शहराचं नाव मेट्रोपोलिस, वीज नायगारा धबधब्याची, वस्ती सहा कोटींच्या आसपास. त्या वेळी अख्ख्या अमेरिकेचीच लोकसंख्या सव्वासहा कोटींच्या घरात होती, म्हणजे जवळजवळ सगळा देश उचलून एका शहरात आणायचा. भांडवलशाही मोडायची स्वप्नं बघणारा हा गडी दिवसा भांडवलशाहीतली सगळ्यात टिकाऊ युक्ती शोधत होता. दोन्ही गोष्टी तो तितक्याच मनापासून करत होता, हे त्याच्या पुढच्या आयुष्यावरून दिसतं.

1895. बॉस्टनजवळच्या ब्रूकलाइनमधलं घर. सकाळी दाढीला बसला तर पातं बोथट. नुसतं चामड्याच्या पट्ट्यावर घासून भागेल असं नाही, धार लावायला कारागिराकडेच द्यावं लागेल असं.

इथे एक समज दूर करू. सेफ्टी रेझर जिलेटने शोधला नाही. न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंचा स्टार नावाचा सेफ्टी रेझर 1880 पासून बाजारात होता. गालाला कापू नये म्हणून पात्यापुढे कठडा असायचा. पण आतलं पातं म्हणजे जुन्या वस्तऱ्याचाच जाड तुकडा. त्याला रोज पट्ट्यावर घासायचं आणि अधूनमधून धार लावून आणायची, हे काही सुटलेलं नव्हतं.

त्या सकाळी जिलेटच्या लक्षात आलं की दाढी करते ती फक्त कड, मागचं सगळं लोखंड नुसतं कडेला धरून ठेवतं. मग कागदासारख्या पातळ पत्र्यालाच दोन्ही बाजूंनी धार काढली, तो दोन तुकड्यांमध्ये घट्ट धरला आणि बोथट झाल्यावर फेकून दिला तर? हार्डवेअरच्या दुकानातून त्याने पितळेचे तुकडे, घड्याळाच्या स्प्रिंगला वापरतात तशी पोलादी पट्टी, छोटा शिकंजा आणि कानशी आणल्या आणि ओबडधोबड नमुना तयार केला. बायको तेव्हा ओहायोला होती. तिला त्याने पत्र लिहून कळवलंसुद्धा की आता आपलं नशीब उघडलं.

नशीब उघडायला पुढे आठ वर्षं लागली.

अडचण पोलादाची होती. पातळ पत्रा कडक करायचा म्हणजे लाल होईपर्यंत तापवून झटकन थंड करायचा. जाड वस्तऱ्याला ते चालतं. पातळ पत्रा मात्र पापडासारखा वाकडा होतो, आणि वाकड्या पत्र्याला सरळ धार येत नाही. जिलेट ज्याच्या त्याच्याकडे गेला. एमआयटीच्या जाणकारांनीही हे होणार नाही असंच सांगितलं. त्याचं स्वतःचं शिक्षण धातुशास्त्राचं नव्हतं, म्हणून तो थांबला नाही. त्याला ते कळलं असतं तर बहुधा थांबला असता.

खरं काम केलं विल्यम निकरसन या माणसाने. तो एमआयटीत शिकलेला, यंत्रं बनवण्यात तरबेज. 1901 साली तो जिलेटबरोबर आला आणि पातळ पाती वाकू न देता कडक करायची पद्धत आणि त्यांना धार लावणारी यंत्रं त्याने उभी केली. आज आपण जिलेट म्हणतो, पण निम्मं श्रेय या निकरसनचं. त्याचं नाव कंपनीला देता येण्यासारखं नव्हतं, कारण इंग्रजीत निक म्हणजे दाढी करताना लागलेला बारीकसा काप. रेझरवर तसलं नाव कोण छापणार?

कंपनी 1901 मध्ये स्थापन झाली. आधी नाव अमेरिकन सेफ्टी रेझर, 1902 मध्ये बदलून जिलेट. पैसे संपले तेव्हा जॉन जॉइस हा बॉस्टनचा श्रीमंत दारू उत्पादक मदतीला आला, अर्थात स्वतःचा हिस्सा घेऊन. 1903 मध्ये विक्री सुरू झाली आणि त्या वर्षी खपले 51 रेझर आणि 168 पाती. पुढच्याच वर्षी, 1904 मध्ये, नव्वद हजारांवर रेझर गेले. 15 नोव्हेंबर 1904 रोजी पेटंटही हातात पडलं.

आता त्या ठरलेल्या गोष्टीकडे या. हा रेझर किती रुपयांना, म्हणजे डॉलरना विकला? पाच डॉलर. साध्या कामगाराचा जवळजवळ अर्ध्या आठवड्याचा पगार. दुसऱ्या कंपन्यांचे साधे रेझर एका डॉलरला मिळत होते. म्हणजे दांडा फुकट वाटणं सोडाच, जिलेटचा दांडा बाजारातल्या महागड्यांपैकी होता, आणि पेटंट चालू होतं तोवर, 1921 पर्यंत, कंपनीने ही किंमत राखली. शिकागो विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक रँडल पिकर यांनी जुन्या किमती आणि जाहिराती तपासून 2010 च्या सुमारास हे मांडलं, तेव्हा मॅनेजमेंटच्या पुस्तकांची पंचाईत झाली.

कारण साधं होतं. पेटंट असताना तुमच्या दांड्यात बसणारं पातं दुसरा कोणी बनवू शकत नाही आणि तुमच्यासारखा दांडाही बनवू शकत नाही. मग स्वस्त कशाला द्या?

जिलेट स्वतः मात्र या भरभराटीत कुठे होता? कंपनी धावायला लागली तरी त्याला तिथून पगार मिळत नव्हता. पोटासाठी त्याची जुनी बुचांच्या कंपनीची नोकरी चालूच होती आणि 1904 मध्ये ती कंपनी त्याला लंडनला पाठवत होती म्हणून तो गेलासुद्धा. इकडे संचालक परदेशातले हक्क विकायला निघाल्याचं कळल्यावर परत आला. जॉइसशी त्याची ओढाताण पुढे वर्षानुवर्षं चालली आणि 1910 च्या सुमारास जिलेटने बराचसा हिस्सा विकून टाकला. अध्यक्ष हे पद नावापुरतं राहिलं. आणखी एक गोष्ट राहिली, ती म्हणजे पात्याच्या प्रत्येक कागदावरचा त्याचा मिशीवाला चेहरा आणि सही. त्या काळात सिनेमाचे नटही अजून गाजायचे होते, तेव्हा जगात जास्तीत जास्त घरांत पोचलेल्या चेहऱ्यांपैकी हा एक होता. सकाळी आरशात स्वतःचं तोंड बघायच्या आधी लोक त्याचं बघत.

हाती पैसा आल्यावर त्याने काय केलं? पुन्हा तेच जुनं स्वप्न. 1910 मध्ये त्याने जागतिक कंपनीची योजना काढली, आर्झोनात तिची नोंदणी केली आणि अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना तिचं अध्यक्षपद देऊ केलं. मानधन दहा लाख डॉलर. रूझवेल्टनी नकार दिला. 1924 मध्ये द पीपल्स कॉर्पोरेशन हे पुस्तक निघालं, त्यासाठी समाजवादी कादंबरीकार अप्टन सिंक्लेअर यांची मदत त्याने घेतली होती. लोकांनी त्याचं एकही पुस्तक फारसं मनावर घेतलं नाही. पाती मात्र घेत राहिले.

मधल्या काळात पहिलं महायुद्ध झालं. खंदकात दाढी ठेवणं धोक्याचं, कारण विषारी वायूपासून वाचवणारा मुखवटा गालाला घट्ट बसत नाही. अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी जिलेटकडून 35 लाख रेझर आणि 3 कोटी 20 लाख पाती घेतली. तोवर पुष्कळ पुरुष आठवड्यातून एक-दोनदा न्हाव्याकडे जायचे. युद्धावरून परत आलेले तरुण रोज सकाळी घरीच दाढी करायची सवय घेऊन आले.

1921 साली मूळ पेटंट संपलं आणि इथून गोष्ट पालटली. आता कोणीही तसला दांडा आणि तसलं पातं बनवू शकत होतं. कंपनीने जुन्या पद्धतीचा रेझर एक डॉलरवर आणला आणि नव्या सुधारित मॉडेलसाठी पुन्हा पेटंट घेऊन पाच डॉलर लावले. बँका, च्युइंगगमवाले वगैरे मंडळी गिऱ्हाइकांना भेट द्यायला रेझर घाऊक घेऊ लागली. म्हणजे दांडा स्वस्त आणि कमाई पात्यावर हा प्रकार खरोखर झाला, पण मक्तेदारी गेल्यानंतर, नाइलाजाने, आणि तेव्हा जिलेटच्या हातात कारभार नव्हता. तरीही पाती खपली, कारण लोकांचा त्या कागदावरच्या चेहऱ्यावर विश्वास बसला होता.

1930 मध्ये शेवटचा तडाखा बसला. ऑटोस्ट्रॉप कंपनीचा हेन्री गायसमन याने प्रोबॅक नावाचं वेगळ्या भोकांचं पातं काढलं होतं. ते जिलेटच्या दांड्यात बसायचं, पण जिलेटचं पातं त्याच्या दांड्यात बसायचं नाही. जिलेट कंपनीने त्याच वर्षी नवं मॉडेल आणलं तेव्हा गायसमनने पेटंटचा दावा ठोकला. शेवटी दोन्ही कंपन्या एक करायचं ठरलं. त्यासाठी वह्या तपासल्या तर आधीच्या पाच वर्षांचे आकडे सुमारे 1 कोटी 20 लाख डॉलरनी फुगवलेले निघाले. परदेशातल्या स्वतःच्याच शाखांना पाठवलेला माल विकला गेला असं दाखवलं होतं. शेअर कोसळला. सूत्रं गायसमनकडे गेली. 1931 मध्ये जिलेट अध्यक्षपदावरून दूर झाला.

तोवर तो कॅलिफोर्नियात राहायला गेला होता. कॅलाबसासजवळच्या डोंगरात त्याने मोठी जमीन घेतली होती आणि वॉलेस नेफ या नामांकित वास्तुरचनाकाराकडून तिथे वाडा बांधून घेतला होता. जमिनीवरचा खर्च आणि मंदीत पडलेले शेअर या दोन्हींत पैसा गेला. 9 जुलै 1932 रोजी लॉस एंजेलिसमध्ये तो वारला तेव्हा दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरच होता. ती जमीन आज सार्वजनिक उद्यान आहे, किंग जिलेट रँच या नावाने.

आता तुमच्या बाथरूमकडे परत येऊ.

1921 नंतर जिलेटचं दुधारी पातं कोणाचंच राहिलं नाही, म्हणजेच सगळ्यांचं झालं. 1930 च्या भांडणातून पात्याच्या मधली लांबट खाच आली. तेच माप जगभर पक्कं झालं. त्यामुळे आपल्याकडे सेव्हन ओ क्लॉक, टोपाझ, ठाण्याच्या कारखान्यातून निघालेलं सुपर-मॅक्स अशी कितीतरी पाती आली आणि कोणतंही पातं कोणत्याही दांड्यात बसतं. स्पर्धा असल्यामुळे किंमत दोन-चार रुपयांवर राहिली. स्पर्धेला शिव्या देणाऱ्या माणसाच्या शोधाचं हे असं झालं.

कंपन्यांना हे परवडणारं नव्हतंच. म्हणून 1971 मध्ये जिलेट कंपनीने दोन पात्यांचं बंद कार्ट्रिज आणलं, 1998 मध्ये तीन पात्यांचं मॅक 3, 2006 मध्ये पाच पात्यांचं फ्यूजन. मॅक 3 वर 75 कोटी डॉलरच्या आसपास खर्च केला आणि त्याला पेटंटांचं कुंपण घातलं. दांडा आणि कार्ट्रिज यांची जोडणी ज्याची त्याची वेगळी. 1904 ची परिस्थिती पुन्हा आली, फरक इतकाच की या वेळी दांडा थोडा स्वस्त आणि महाग भाग दर महिन्याला. 2010 मध्ये भारतासाठी गार्ड नावाचा एकाच पात्याचा रेझर 15 रुपयांना आणि त्याचं कार्ट्रिज 5 रुपयांना आणलं, यावरून कळतं की कार्ट्रिज स्वस्त बनवता येतं, गरज पडली तर.

मग कार्ट्रिज वाईट का? नाही. त्याचं डोकं गालाच्या चढ-उताराबरोबर वळतं, हात कसाही धरला तरी निभावतं, पाच मिनिटांत काम होतं. हात थरथरत असेल, नुकतीच मिसरूड फुटलेल्या पोराला पहिल्यांदा दाढी करायची असेल किंवा विमानाने हातातल्या बॅगेसह जायचं असेल (सुटं पातं आत नेऊ देत नाहीत), तर कार्ट्रिजच बरं.

पण केस कुरळे किंवा राठ असतील आणि मानेवर सारखे फोड येत असतील तर एकदा सेफ्टी रेझर वापरून बघाच. अनेक पात्यांच्या रेझरमध्ये पहिलं पातं केस ओढतं आणि पुढचं तो कातडीच्या पातळीखाली कापतं. मग तो केस वाढताना आतल्या आत वळतो आणि फोड येतो. एक पातं एवढं खोल जात नाही. सेफ्टी रेझर शिकायला आठवडा-दोन आठवडे लागतात. पातं गालाशी साधारण 30 अंशांत धरायचं, दाबायचं अजिबात नाही, दांड्याचं वजनच पुरतं, आणि केस ज्या दिशेला वाढतो त्याच दिशेने आखूड हात फिरवायचे. एक पातं चार-पाच दाढ्या देतं. वापरलेली पाती मात्र कचऱ्यात तशीच टाकू नका, कचरा वेचणाऱ्यांचे हात कापतात. पत्र्याच्या डब्याला चीर पाडून त्यात साठवा.

आणि दांडा विकत घेण्याआधी घरातली जुनी ट्रंक एकदा उघडून बघा. आजोबांचा पितळी रेझर सापडला तर गरम पाण्यात साबण घालून ब्रशने घासा, खाचांमधला जुना फेस निघू द्या. आजचं पातं त्यात बसेल. 1904 सालच्या जिलेटमध्येसुद्धा बसतं.